रोमची पहिली सहल, न दमता: दिवसाला एकच तिकीट

रोमला पहिल्यांदा जाणाऱ्यांचा बेत बहुतेक वेळा एकाच जागी फसतो: सकाळी कोलोसियम, दुपारी व्हॅटिकन. नकाशावर अंतर फार वाटत नाही, मध्ये मेट्रोही आहे. पण दोन्हीकडे वेळ ठरलेलं तिकीट, दोन्हीकडे सुरक्षा तपासणीची रांग आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार तास दगडी जमिनीवर चालणं. दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात आणि व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये छत बघायला मान वर करायचीही ताकद उरत नाही.

म्हणून एकच नियम धरा. वेळेचं आरक्षण लागणारं मोठं ठिकाण दिवसाला एकच, आणि तेही सकाळी. दुपार विश्रांतीला, संध्याकाळ पायी भटकायला. रोमचा निम्मा ठेवा चौकांत, कारंज्यांवर आणि चर्चमध्ये फुकट पाहता येतो. त्यासाठी रांग नाही, फक्त सवड लागते. या हिशोबाने किमान चार रात्री हव्यात. पाच मिळाल्या तर सहल खरोखर निवांत होते.

आधी वार, मग हॉटेल

तारखा ठरवताना वार बघा, कारण रोममध्ये गर्दी वारावर चालते. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते दुपारी 2 पर्यंत फुकट असतं, शेवटचा प्रवेश 12:30 ला. पण तेव्हाच्या गर्दीत बघणं होत नाही, ढकलत जाणं होतं. सोमवारीही तिथे गर्दी जास्त, कारण रविवारी राहिलेले लोक येतात आणि शहरातली इतर बरीच संग्रहालयं, बोर्गेझे गॅलरीसुद्धा, सोमवारी बंद असतात. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले तर भाविकांना जाहीर दर्शन देतात. त्यामुळे सेंट पीटर्सचा चौक भरलेला असतो आणि तिथलं मोठं चर्च, म्हणजे बॅसिलिका, पर्यटकांसाठी दुपारपर्यंत उघडत नाही. शनिवार-रविवार सोडले की राहिले मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. व्हॅटिकन त्यातल्या एका दिवशी ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं. तो दिवस टाळा, 18 युरो वाचवण्यात अर्धा दिवस रांगेत जातो.

सोयीचा आराखडा असा: सोमवारी पोहोचा, मंगळवारी कोलोसियम, बुधवारी बोर्गेझे, गुरुवारी व्हॅटिकन, शुक्रवार मोकळा, शनिवारी परत.

ऋतूंमध्ये एप्रिल-मे आणि ऑक्टोबर उत्तम. फक्त ईस्टरचा आठवडा सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांवर जातो आणि फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, अवशेषांत सावली जवळजवळ नाही. 15 ऑगस्टच्या आसपास बरीच छोटी दुकानं आणि खानावळी सुट्टीवर असतात.

व्हिसा आणि तिकिटं

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस करता येतो. 15 दिवसांवर विसंबू नका, भेटीची वेळच उशिरा मिळते. प्रवास विम्याचं वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोचं लागतं.

कोलोसियमची अधिकृत तिकीटविक्री भेटीच्या 30 दिवस आधी खुली होते आणि सकाळच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर पासपोर्टशी ताडून बघतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका, मधलं नाव गाळू नका. व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट 20 युरो आणि ऑनलाइन आरक्षणाचे 5 युरो वेगळे. हे पाच युरो सहलीतला सर्वांत चांगला खर्च समजा, कारण विनाआरक्षण रांग भिंतीला लागून लांबच लांब गेलेली असते. बोर्गेझेला तर आरक्षणाशिवाय प्रवेशच नाही.

ऑनलाइन तिकीट शोधताना वर दिसणारी बरीच संकेतस्थळं मध्यस्थांची असतात. ‘रांग चुकवा’ असं लिहून ते दुप्पट पैसे घेतात, पण सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच चुकत नाही. अधिकृत विक्री संपलेली असेल आणि सोबत वाटाड्या हवा असेल, तरच तो पर्याय घ्या.

कुठे उतरायचं

पहिल्या खेपेला मोन्ती किंवा प्राती या भागांत. मोन्तीतून कोलोसियम चालत गाठता येतं आणि कावूर हे मेट्रो स्टेशन जवळ आहे. प्राती सपाट, रुंद रस्त्यांचा, शांत भाग. व्हॅटिकन शेजारी आणि मेट्रोची ए लाइन दाराशी. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर प्रातीच घ्या. त्रास्तेव्हेरे संध्याकाळी सुंदर असतं, पण तिथे मेट्रो नाही आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट चालतो. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनच्या अगदी लगतच्या गल्ल्या स्वस्त पडतात, तरी रात्री परतायला तितक्या प्रसन्न नाहीत.

आरक्षण करताना लिफ्ट आहे का हे विचारा. जुन्या इमारतींत ती नसते, किंवा असली तरी दोन माणसं आणि एक बॅग एवढीच मावते. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी, रात्रीमागे शहराचा कर द्यावा लागतो. तो हॉटेलच्या दर्जाप्रमाणे बदलतो आणि बहुधा तिथेच भरायचा असतो.

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ही ट्रेन 32 मिनिटांत तेर्मिनीला पोहोचवते, भाडं माणशी 14 युरो. चौघं असाल तर टॅक्सी बरी: जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आतल्या पत्त्यासाठी भाडं ठरलेलं असतं, 55 युरो, सामानासकट आणि गाडीमागे, माणशी नव्हे. बाहेरच्या रांगेतली पांढरी टॅक्सीच घ्या. इमारतीच्या आत येऊन ‘टॅक्सी?’ विचारणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

कोलोसियमचा दिवस

सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या. इ.स. 80 मध्ये सम्राट टायटसने खुल्या केलेल्या या रंगमंडलाला दीड तास पुरतो. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही, म्हणून छोटी पाठपिशवी न्या. काचेची बाटली चालत नाही.

याच तिकिटात फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते, पण तिथे प्रवेश एकदाच मिळतो. बाहेर पडलात की संपलं. बहुतेक लोक कोलोसियममधून निघून थेट फोरममध्ये शिरतात आणि भर उन्हात टेकडी चढतात. उलट करा. सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या दारातून पॅलाटाइनवर जा, आधी झाडांच्या सावलीत वर फिरा. फार्नेझे बागेच्या कठड्यावरून खाली सगळा फोरम पसरलेला दिसतो: तीन कमानी उरलेली मॅक्सेंशियसची बॅसिलिका (ही चर्च नव्हे, रोमन सभागृह), व्हेस्टाच्या मंदिराचे गोलाकार खांब, पलीकडे सेप्टिमियस सेव्हेरसची कमान. नकाशा आधी वरून डोक्यात बसला की खाली उतरल्यावर ते नुसते पडके दगड राहत नाहीत. मग उतरणीने फोरममध्ये या. हे सगळं एका दिवसात जड वाटत असेल, तर साधं तिकीट 24 तास चालतं. कोलोसियम दुपारनंतर आणि फोरम दुसऱ्या सकाळी असंही जमतं, पण मग ती सकाळ दुसऱ्या कशालाही देऊ नका.

बूट जाड तळव्याचे आणि आधीपासून वापरातले हवेत. रोमच्या रस्त्यांवरचे काळे बेसाल्टचे चौकोनी दगड वर-खाली बसलेले असतात आणि पावसात निसरडे होतात. पातळ सपाट चपलेने दुसऱ्याच दिवशी टाचा दुखू लागतात.

व्हॅटिकनचा दिवस

पहिली चूक पत्त्याची. म्युझियमचं दार सेंट पीटर्सच्या चौकात नाही. ते उत्तरेला, तटबंदीला वळसा घालून व्हियाले व्हातिकानोवर आहे. चौकात उतरलात तर आणखी पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं आणि तिकिटाची वेळ हुकते. ओत्ताव्हियानो स्टेशनवर उतरून थेट म्युझियमकडे जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री-पुरुष सर्वांचे. उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी असू द्या.

आत सगळं बघायचा प्रयत्न करू नका. लाओकूनचा पुतळा, नकाशांचं दालन, राफाएलच्या खोल्या आणि सिस्टीन चॅपेल एवढंच मनाशी धरा आणि बाकीच्या दालनांतून चालत पुढे व्हा. सगळ्यांची शक्ती सुरुवातीच्या पुतळ्यांवर संपते आणि शेवटी येणाऱ्या चॅपेलमध्ये लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. तिथे भिंतींलगत बाकं आहेत. जागा सुटेपर्यंत थांबा आणि बसून छत पाहा, बसल्याने मान अवघडत नाही. छत मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 मध्ये रंगवलं, आणि वेदीमागच्या भिंतीवरचं ‘अंतिम न्याय’ हे चित्र पंचविसेक वर्षांनी, 1536 ते 1541 मध्ये. आधी छतावरच्या आखीव चौकटी बघा, मग या भिंतीकडे वळा. चौकटी नाहीशा झालेल्या आणि देह मोकळ्या निळ्या अवकाशात तरंगणारे. एकाच माणसाच्या हातात काय बदल झाला हे तिथल्या तिथे दिसतं. फोटोला मनाई आहे, आणि त्यामुळे बघणं होतं.

चॅपेलच्या उजव्या दारातून बॅसिलिकाकडे जवळची वाट आहे, पण ती गटांसाठी राखलेली असते. तिच्या भरवशावर बेत आखू नका. बॅसिलिका फुकट आहे, रांग तपासणीची. ती वेगळ्या दिवशी सकाळी उघडताना केली तर उत्तम (बुधवार सोडून). घुमटावर जायला 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी 320 उरतात, आणि शेवटचा जिना अरुंद, घुमटाच्या वळणाबरोबर कललेला असतो. गुडघ्याचा किंवा कोंडलेल्या जागेचा त्रास असेल तर सोडून द्या.

बोर्गेझे आणि मोकळ्या संध्याकाळी

बोर्गेझेत दोन तासांची वेळ मिळते आणि संपली की बाहेर काढतात. हेच या गॅलरीचं सुख आहे, कारण गर्दी मोजकी राहते. बर्निनीच्या ‘अपोलो आणि डाफ्ने’भोवती मागून पुढे फिरा; डाफ्नेची बोटं पानं होताना टप्प्याटप्प्याने दिसतात. नंतर बागेतून पिन्चो टेकडीच्या गच्चीवर जा. सूर्यास्त तिथून पाहावा.

संध्याकाळची पायी वाट अशी: पियात्सा नव्होना हा चौक, तिथून पाच मिनिटांवर पॅन्थिऑन हे प्राचीन रोमन मंदिर, पुढे दहा-बारा मिनिटांवर ट्रेव्ही कारंजं, मग स्पॅनिश पायऱ्या. पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, दंड होतो. ट्रेव्हीला भर संध्याकाळी कठडाही दिसत नाही. सकाळी सातच्या आत जा. पॅन्थिऑनचं तिकीट 5 युरो. आतल्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे 43 मीटर. वरचं भोक उघडं आहे, पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. नव्होनाच्या शेजारी सान लुईजी देई फ्रान्चेझी या चर्चमध्ये काराव्हाज्योची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं फुकट आहेत. चर्च दुपारी बंद असतात, म्हणून चारनंतर जा. काही चर्चमध्ये चित्रावरचा दिवा नाणं टाकल्यावर लागतो, तेव्हा सुटी नाणी ठेवा.

खाणं, पाणी, बस

पाणी विकत घेऊ नका. गल्लोगल्ली लोखंडी नळ आहेत, त्यांना ‘नाझोने’ म्हणतात. पाणी गार आणि पिण्याचंच असतं. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते, पिणं सोपं होतं. कॉफी काउंटरशी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलात की दर वेगळा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी चांगल्या खानावळीत मिळणं कठीण.

शाकाहारींनी नीट विचारावं. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतं, सुप्ली या भाताच्या तळलेल्या गोळ्यांत बहुधा मांसाचा रस्सा. काच्चो ए पेपे या पास्त्यात मांस नाही, पण त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या विरजणाने बनतं. निर्धास्त पर्याय म्हणजे मारिनारा पिझ्झा, त्यात चीजच नसतं. वसंतात रोमन पद्धतीचे आर्टिचोक मिळाले तर जरूर घ्या.

मेट्रो-बसचं साधं तिकीट 1.50 युरोला 100 मिनिटं चालतं, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. कागदी तिकीट बसमध्ये चढताच यंत्रात शिक्का मारून घ्या. खिशात नुसतं ठेवलेलं तिकीट विनातिकीटच धरतात. तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी 64 नंबरची बस आणि मेट्रो ए खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहेत. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटाशी. संप आधी जाहीर होतात आणि बऱ्याचदा शुक्रवारी येतात. त्या दिवशीही सकाळी 8:30 पर्यंत आणि संध्याकाळी 5 ते 8 गाड्या चालवण्याची हमी असते.

मोकळ्या शुक्रवारी पॉम्पेईची धावपळ करण्यापेक्षा ओस्तिया आन्तिकाला जा. पिरामिदे मेट्रोशेजारच्या पोर्ता सान पाओलो स्टेशनातून अर्ध्या तासात, त्याच 1.50 युरोच्या तिकिटावर. रोमचं जुनं बंदर, पाइनच्या सावलीत: स्नानगृहं, नाट्यगृह, काळ्या-पांढऱ्या मोझॅइकच्या फरश्या आणि दगडी काउंटर शाबूत असलेली एक खानावळ. सोमवारी बंद असतं. जेवणाचा डबा आणि पाणी बरोबर न्या.