वेल्श कौन्सिलची नोकरकपात आणि साहेबांचा पगार: कागद कसे तपासायचे

अंदाजपत्रकाचा हंगाम आला की वेल्समध्ये दोन आकडे हमखास शेजारीशेजारी छापून येतात: कौन्सिल (म्हणजे स्थानिक शासनसंस्था) किती पदे कमी करणार आणि तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला किती पगार मिळतो. दोन्ही आकडे खरे असतात, तरी अनेकदा ते वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या व्याख्यांचे असतात. तपासणी करायची तर दोघांचे माग वेगळे काढावे लागतात.

आधी जबाबदारी कोणाची ते पाहा. वेल्समध्ये २२ कौन्सिले आहेत आणि शाळांपासून कचऱ्यापर्यंत सगळे त्यांच्याकडेच आहे. पैशाचा मोठा वाटा कार्डिफमधल्या वेल्श सरकारच्या अनुदानातून येतो, पण नोकरीवरून कमी करण्याचा कायदा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे ब्रिटिश संसदेचा. त्यामुळे अनुदान अपुरे पडल्याचा जाब सेनेडच्या, म्हणजे वेल्श संसदेच्या, सदस्याला विचारा. नोटिशीच्या मुदतीबद्दल त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

पगार: दोन कागद, दोन वेगळ्या गोष्टी

पहिला कागद वेतनधोरण निवेदन. लोकॅलिझम ॲक्ट २०११ प्रमाणे ते दरवर्षी ३१ मार्चपूर्वी सर्वसाधारण सभेने मंजूर करायचे असते. त्यात वरिष्ठांची वेतनश्रेणी, सर्वांत कमी पगाराचा कर्मचारी म्हणजे कोण याची व्याख्या आणि अधिकारी सोडून जाताना काय द्यायचे याचे धोरण असते. हे येत्या वर्षाचे चित्र. यात श्रेणीचा वरचा आकडा दिसतो म्हणून तो सध्या मिळतोच आहे असे धरू नका.

दुसरा कागद वार्षिक हिशेब, म्हणजे सरलेल्या वर्षात प्रत्यक्ष काय दिले ते. यात ६०,००० पौंडांपासून पुढचे कर्मचारी ५,००० पौंडांच्या टप्प्यांत मोजलेले असतात. वरिष्ठ अधिकारी पदनामाने आणि १,५०,००० पौंड किंवा त्याहून जास्त पगार असेल तर नावानिशी येतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार मध्यक (पगारांच्या क्रमात बरोबर मधल्या) कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हेही इथेच सापडते.

हे तक्ते वाचताना ठरलेल्या चुका होतात. सर्वांत मोठी शाळांची. इंग्लंडसारख्या अकॅडमी (कौन्सिलच्या ताब्याबाहेरच्या सरकारी शाळा) वेल्समध्ये नाहीत, बहुतेक शाळांचे शिक्षक कौन्सिलच्याच पगारपत्रकावर असतात. म्हणून ६०,००० च्या वरच्या यादीत मुख्याध्यापकांची मोठी गर्दी असते, आणि ‘कौन्सिलमध्ये इतके गलेलठ्ठ पगारवाले साहेब’ असा मथळा तिथेच फसतो. शाळांचा वेगळा रकाना आहे का पाहा, नसेल तर मागवा. दुसरी चूक अर्ध्या वर्षाची: ऑक्टोबरमध्ये अधिकारी बदलला तर एकाच पदाच्या दोन ओळी येतात. एकच ओळ उचलली तर पगार ‘निम्मा झाला’ असे वाटते. तिसरी, शेवटचा ‘एकूण’ रकाना. त्यात मालकाने भरलेली पेन्शनची रक्कम असते, कधी निरोपाची भरपाईही असते. दोन वर्षांची तुलना नुसत्या पगाराच्या रकान्यावरच करा. मुख्य कार्यकारी अधिकारी बहुधा निवडणूक अधिकारीही असतो. त्याचे मानधन कुठे मोजले आहे ते तळटीपेत शोधा.

पगार वाढलेला दिसला तर तो युनियनशी झालेल्या राष्ट्रीय वेतनकरारामुळे की स्थानिक ठरावामुळे, हे आधी वेगळे करा. २०२३-२४ मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना सरसकट १,९२५ पौंड मिळाले. तळाच्या पायरीवर, म्हणजे २०,४४१ पौंडांवर, ही ९.४ टक्के वाढ होती. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना ३.५ टक्के मिळाले. दीड लाखावर ते ५,२५० पौंड होतात. टक्के कमी, पौंड जास्त, आणि प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा आकडा सांगते. तुम्ही दोन्ही लिहा. २०२५-२६ मध्ये दोघांनाही ३.२ टक्केच मिळाले.

राष्ट्रीय करारापलीकडची वाढ असेल तर कागद पुढे मागायचाच. वेल्समध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पगार ठरवणे किंवा बदलणे २०१४ पासून सर्वसाधारण सभेचेच काम आहे. १,००,००० पौंड किंवा जास्त पगाराच्या पदाची जाहीर जाहिरातही द्यावी लागते, फक्त १२ महिन्यांपर्यंतच्या नेमणुकीला सूट आहे. नियमांची गरज का होती ते केअरफिली कौन्सिलने दाखवले. तिथे २०१२ मध्ये एका छोट्या समितीने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार सुमारे १,३२,००० वरून १,५८,००० पौंडांवर नेला, आणि तेव्हा खालच्या कर्मचाऱ्यांचे पगार गोठलेले होते. मार्च २०१३ मध्ये लेखापरीक्षकाने निर्णय बेकायदा ठरवला. बैठकीची सूचना नीट दिली नव्हती आणि ज्यांना फायदा होणार तेच अधिकारी खोलीत बसले होते. पगारवाढीचा ठराव तपासताना म्हणून तीनच गोष्टी बघा: अहवाल कोणी लिहिला, खोलीबाहेर कोण गेले आणि सूचना कधी लागली.

कपात: ‘पद’ म्हणजे माणूस नव्हे

‘२०० पदे जाणार’ या वाक्याचे चार भाग पाडल्याशिवाय पुढे जाऊ नका: आधीच रिकामी असलेली पदे, स्वेच्छेने जाणारे, सक्तीने काढलेले आणि दुसऱ्या संस्थेकडे वर्ग होणारे. करमणूक केंद्र एखाद्या ट्रस्टकडे गेले तर कौन्सिलची संख्या घटते, पण माणूस त्याच काउंटरवर उभा असतो. शिवाय आकडा डोक्यांचा की पूर्णवेळ समतुल्य पदांचा (अर्धवेळ कामे जोडून पूर्णवेळच्या हिशेबाने मोजलेल्या), हेही विचारा. शाळेतल्या जेवणात आणि सफाईत अर्धवेळ काम करणारे पुष्कळ असतात. तिथे १० पूर्णवेळ समतुल्य पदे म्हणजे २० हून जास्त माणसे असू शकतात.

शाळा इथेही दगा देतात, फक्त उलट्या दिशेने. शाळेचे अंदाजपत्रक कापले की माणसे कमी करण्याचा निर्णय त्या शाळेचे नियामक मंडळ घेते, त्यामुळे साहाय्यक शिक्षिकांच्या नोकऱ्या काउंटी हॉलच्या (कौन्सिल मुख्यालयाच्या) आकड्यात बहुधा येतच नाहीत. जाहीर आकडा कमी वाटला तर आधी इथे खणा.

मग मुदती. एका आस्थापनेत ९० दिवसांत २० ते ९९ जणांना काढायचे असेल तर पहिली नोकरी संपण्याच्या किमान ३० दिवस आधी युनियनशी सल्लामसलत सुरू व्हायला हवी. १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर झाले आणि बचत १ एप्रिलपासून धरली असेल, तर उलट मोजा. सल्लामसलत फेब्रुवारीतच सुरू झाली नसेल तर बचतीचा आकडा पहिल्या दिवसापासून खोटा आहे. वर नोटिशीचा काळ आहेच: दोन वर्षांनंतर दर पूर्ण वर्षाला एक आठवडा, कमाल १२. बचत अशी लांबत गेली की पुढच्या शरद ऋतूत ‘अनपेक्षित तूट’ उगवते.

खर्चाची बाजूही मांडा. २८,००० पौंडांच्या पदावर एप्रिल २०२५ पासून मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) ३,४५० पौंड होतो (५,००० च्या वरच्या रकमेवर १५ टक्के). पेन्शन २० टक्के धरली तर ५,६०० पौंड. म्हणजे एका पदाची वार्षिक बचत साधारण ३७,००० पौंड. पण ५५ वर्षे उलटलेल्या, स्थानिक शासनाच्या पेन्शन योजनेतल्या माणसाला नोकरकपातीत काढले तर त्याची पेन्शन न कापता लगेच सुरू होते, आणि त्याचा बोजा कौन्सिल पेन्शन फंडाला एकरकमी भरते. ही रक्कम भरपाईपेक्षा मोठी निघणे नवलाचे नाही. वार्षिक हिशेबातला निर्गमन-भरपाईचा (नोकरी सोडताना दिलेल्या रकमांचा) तक्ता २०,००० पौंडांच्या टप्प्यांत असतो आणि त्यात हा बोजा धरलेला असतो. म्हणून ‘एका लिपिकाला ८०,००० दिले’ असे दिसले तरी ते सगळे त्याच्या हातात पडलेले नसते.

याच मापाने साहेबाचा पगारही मोजा. त्यात २०,००० पौंडांची कपात केली तरी वरच्या हिशेबाने एक पदसुद्धा पुरते वाचत नाही. पगारावर टीका करायची तर न्यायाच्या आणि प्रक्रियेच्या मुद्द्यावर करा. बचतीचा मुद्दा पहिल्याच उत्तरात कोसळतो.

बंद दाराआडचे

विषयपत्रिका सभेच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी लागते आणि सर्वसाधारण सभा थेट प्रसारित होते. एखादा विषय ‘वगळलेला’ म्हणून बंद दाराआड नेला तर त्यासाठी दिलेला कायद्यातला परिच्छेद क्रमांक पाहा. वेल्समध्ये १२ आणि १३ व्यक्तीबद्दल, १४ आर्थिक व्यवहारांबद्दल, १५ कामगारविषयक वाटाघाटींबद्दल. सोबत जनहिताची चाचणी, म्हणजे गुप्तता जनहितापेक्षा का महत्त्वाची याचे कारण, लिहिलेली नसेल तर ती मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज मोघम केला की नाकारला जातो. १८ तासांपेक्षा, म्हणजे ४५० पौंडांपेक्षा जास्त काम लागणार असेल तर कौन्सिल नकार देऊ शकते, आणि पाचपेक्षा छोटे आकडे ओळख पटेल म्हणून झाकले जातात. अर्ज असा लिहा: ‘गेल्या तीन आर्थिक वर्षांत, दर वर्षी, शाळा आणि शाळेतर असे वेगळे करून: सक्तीने काढलेले, स्वेच्छेने गेलेले आणि रद्द केलेली रिक्त पदे यांची संख्या; भरपाईची एकूण रक्कम; पेन्शन फंडाला भरलेली एकूण रक्कम.’ उत्तराला २० कामाचे दिवस मिळतात.

एक हत्यार फारसे कोणी वापरत नाही. दरवर्षी लेखापरीक्षणाआधी २० कामाचे दिवस हिशेब आणि त्यामागची बिले, करार पाहण्यासाठी खुली असतात. कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती यातून वगळलेली असते, पण सल्लागारांची आणि हंगामी माणसे पुरवणाऱ्या एजन्सीची बिले बघता येतात. कपात झालेल्या खात्यात एजन्सीचा खर्च वाढला का, हे तिथे कळते. त्या भागातला मतदार लेखापरीक्षकाला प्रश्न विचारू शकतो, लेखी हरकतही घेऊ शकतो. पेम्ब्रोकशर कौन्सिलच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला २०२० मध्ये दिलेल्या ९५,००० पौंडांच्या निरोपाच्या रकमेवर ऑडिट वेल्सने (वेल्सच्या सार्वजनिक लेखापरीक्षण संस्थेने) २०२२ मध्ये जनहित अहवाल काढला, तो निर्णयप्रक्रियेतल्या आणि कारभारातल्या त्रुटींबद्दलच होता. या २० दिवसांच्या तारखांची सूचना कौन्सिलच्या संकेतस्थळावर लागते. खिडकी बंद झाल्यावर गेलात तर बिले पाहण्याचा हा हक्क त्या वर्षापुरता गेला.