‘कैसराचे ते कैसराला’: हा उतारा शिकवताना या चुका टाळा

मार्क १२:१३-१७ मध्ये येशूला विचारलं जातं की कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही. तो एक नाणं मागवतो, त्यावर कुणाचं चित्र आहे ते विचारतो आणि म्हणतो, ‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्या.’ हा उतारा मंडळीत अभ्यासाला घेतला की चर्चा बहुतेक वेळा दोनपैकी एका वाटेला लागते. कुणी म्हणतं, सरकारी कर निमूटपणे भरावा एवढंच येशूला सांगायचं आहे. कुणी म्हणतं, धर्म वेगळा आणि राजकारण वेगळं हे त्याने इथे सांगून टाकलं. पाच वचनं दहा मिनिटांत आटोपतात आणि त्या काळच्या यहुदी माणसाचा जीव नेमका कशात अडकला होता, ते राहूनच जातं.

परक्या राजाला पैसा द्यायचा का, हा एक प्रश्न. परक्या राजाला देव मानायचं का, हा दुसरा. बहुतेक यहुद्यांनी पहिल्याला कुरकुरत ‘हो’ म्हटलं आणि दुसऱ्याला जिवावर उदार होऊन ‘नाही’ म्हटलं. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की पुढच्या चुका ओघानेच येतात.

गाव आणि साल न पाहणं

येशू गालीलचा. गालीलवर तेव्हा हेरोद अंतिपाची सत्ता होती आणि तिथला कर त्याच्या तिजोरीत जायचा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस त्याचं वार्षिक उत्पन्न २०० तालांत सांगतो (तालांत हे सोनं-चांदी मोजायचं मोठं वजन). यहूदीयाची, म्हणजे यरुशलेमच्या भागाची, गोष्ट वेगळी होती. इ.स. ६ मध्ये तिथला राज्यकर्ता आर्खेलाव याला पदावरून काढलं गेलं, प्रांत थेट रोमच्या अमलाखाली आला आणि सिरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याने लोकांच्या मालमत्तेची नोंदणी केली. त्याच वेळी यहूदा गालीलकर बंड करून उठला. कर जास्त आहे, ही त्याची तक्रार नव्हती. हा कर म्हणजे गुलामी आहे, आपला धनी देव एकटाच, असं तो म्हणत होता. प्रेषितांची कृत्ये ५:३७ मध्ये गमलियेल हा यहुदी शास्त्रगुरू त्याचीच आठवण काढतो.

म्हणजे यरुशलेमात, वल्हांडणाच्या तोंडावर, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि हेरोदी (हेरोद घराण्याचे समर्थक) मिळून येशूला जे विचारतात ती जुनी जखम आहे. ‘द्या’ म्हटलं तर गर्दी दुरावणार, ‘देऊ नका’ म्हटलं तर रोमन सुभेदार पिलात याच्यापुढे उभं राहावं लागणार. त्याने ‘देऊ नका’ म्हटलं नाही, तरी लूक २३:२ मध्ये कैसराला कर द्यायला मना करतो हाच आरोप त्याच्यावर ठेवला गेला. शिकवताना ही दोन वचनं शेजारी शेजारी वाचून दाखवा, निम्मं स्पष्टीकरण तिथेच होतं.

नाण्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी

ते नाणं तिबेरियसचा दिनार असावा, असं बहुतेक अभ्यासक धरतात. चांदीचं, वजनाला चार ग्रॅमही नाही. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात मजुराला दिवसाला एवढंच मिळतं. पुढच्या बाजूला पानांचा मुकुट घातलेलं सम्राटाचं डोकं आणि भोवती लॅटिन अक्षरं: देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र, तिबेरियस कैसर ऑगस्टस. मागे हातात राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री, आणि सम्राटाचा दुसरा किताब, महायाजक. यरुशलेमच्या मंदिराला स्वतःचा महायाजक असताना हे नाणं तिथल्या आवारात फिरत होतं.

इथे उपदेशात एक वाक्य नेहमी येतं: यहुदी लोक मूर्तीचं चित्र असलेलं नाणं हातात धरत नसत, म्हणून मंदिरात सराफ बसायचे. हे टाळा. मंदिराचा अर्ध्या शेकेलाचा कर ज्या सोरच्या चांदीच्या नाण्यात भरला जायचा, त्यावर सोरच्या मेल्कार्त देवाचं डोकं होतं आणि मागे गरुड. तरी ते चालायचं, कारण त्यात ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध चांदी होती. नुसत्या चित्रावर सगळा अर्थ उभा केला तर तो इथे कोसळतो. ‘विरोधकांच्याच खिशातून नाणं निघालं’ हेही जपून सांगा. मार्क एवढंच म्हणतो की त्यांनी ते आणलं.

खंडणी दिली म्हणजे देव सोडला, असं समजणं

जुन्या करारात ही रेघ बारकाईने ओढलेली आहे. हिज्कीयाने अश्शूरच्या सन्हेरीबाला ३०० तालांत चांदी आणि ३० तालांत सोनं दिलं. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रासुद्धा उतरवला (२ राजे १८:१४-१६). आणि त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात म्हटलं आहे की देवावर भरवसा ठेवण्यात त्याच्यासारखा राजा यहूदात झाला नाही. त्याचा बाप आहाज यानेही अश्शूरला मंदिरातलं सोनं-चांदी पाठवलं, पण तो तेवढ्यावर थांबला नाही. दिमिष्कात पाहिलेल्या वेदीचा नमुना पाठवून त्याने तशीच वेदी यरुशलेमात उभारली. बाप-लेकाची तुलना करायची तर ती या वेदीवरून करा.

यहेज्केल १७ तर वाचणाऱ्याला हादरवतं. यहूदाचा राजा सिद्कीया याने बाबेलच्या राजाशी केलेली शपथ मोडली, आणि देव म्हणतो, त्याने माझी शपथ तुच्छ मानली. परक्या राजाशी दिलेला शब्द देवाने आपला मानला! यिर्मया २७ याच सुरात बोलतो. मात्र यावरून परकी सत्ता सुखाची होती असं कुणी सांगू नये. नहेम्या ५:४ मध्ये लोक राजाच्या करासाठी शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकून कर्ज काढतात, आणि नवव्या अध्यायातली प्रार्थना संपते ती ‘आमच्याच देशात आम्ही दास आहोत, इथलं पीक परक्या राजांच्या पदरी पडतं’ या दुःखावर.

मंदिर आणि रोम ही दोन उघड वैरी मानणं

ही चूक मला सर्वांत महागाची वाटते, कारण तिच्यामुळे त्या लोकांचं धैर्य कुठे होतं तेच दिसेनासं होतं. यरुशलेमच्या मंदिरात रोज दोन वेळा सम्राटासाठी आणि रोमन लोकांसाठी अर्पण होत असे. सम्राटाला नव्हे, सम्राटासाठी, इस्राएलच्या देवाला.

मग सम्राट कॅलिगुलाने आपला पुतळा मंदिरात उभा करायचा हुकूम सोडला आणि सिरियाचा सुभेदार पेत्रोनियस फौज घेऊन निघाला. लोक बायकामुलांसह त्याला सामोरे गेले. जोसेफस त्यांचं म्हणणं देतो ते असं: आम्ही कैसरासाठी दिवसातून दोनदा अर्पण करतो, पण पुतळा बसवायचा असेल तर आधी साऱ्या यहुदी राष्ट्राचा बळी द्यावा लागेल. पेरणीचे दिवस होते आणि शेतं तशीच पडून होती. तेव्हा तिथल्या मोठ्या लोकांनी पेत्रोनियसला बजावलं की पेरणी झाली नाही तर कर भरता येणार नाही आणि लुटालूट माजेल. कर द्यायला तयार असलेली हीच माणसं पुतळा बसू देण्याऐवजी मरायला तयार होती. इ.स. ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाला आणि बेत बारगळला.

इ.स. ६६ मध्ये थकलेल्या कराचे ४० तालांत गावोगाव फिरून जमवले गेले होते. तरी मंदिराचा अधिकारी एलाजार याने परक्यांची अर्पणं स्वीकारायचं बंद केलं आणि त्याबरोबर सम्राटासाठीचं अर्पणही थांबलं. युद्धाचा पाया त्या कृतीने घातला गेला, असं जोसेफस लिहितो.

सगळ्या जकातदारांना रोमचे नोकर ठरवणं

येशूने बोलावलेला जकातदार लेवी कफर्णहूमच्या नाक्यावर बसायचा. ते गाव अंतिपाच्या हद्दीत, म्हणजे त्याची जकात आधी अंतिपाकडे जायची. दुसरा जकातदार जक्कय यरीहोचा, तो रोमच्या अमलाखालच्या भागात. आणि जकात म्हणजे मालावरचा कर. मार्क १२ मधला डोईवरचा, म्हणजे माणशी द्यायचा, कर त्याहून निराळा.

उत्तराचे दोन कप्पे करणं

‘कैसराचे कैसराला’ एवढं म्हणून येशू थांबला असता, तर दोन कप्पे करायला हरकत नव्हती. ऐकणाऱ्यांना स्तोत्र २४ पाठ होतं, पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व परमेश्वराचं. लेवीय २५:२३ प्रमाणे जमीनसुद्धा त्याची. मग देवाचं नाही असं उरतं काय? कैसराचं चित्र असलेलं नाणं त्याला परत करा, हे उत्तर कर देऊ देतं, पण त्यावर लिहिलेला देवपणाचा दावा मात्र मान्य करत नाही. माझ्या मते अभ्यासाचा निम्मा वेळ या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला द्यायला हवा. लगेच रोमकरांस १३, म्हणजे ‘सत्तेच्या अधीन राहा, कर द्या’ सांगणारा अध्याय, उघडून चर्चा मिटवू नका. पौल ते पत्र खुद्द रोममधल्या मंडळीला लिहितो आहे, तिथली अडचण वेगळी होती.

मत्तय १७ इथे मिसळणं

पेत्राला माशाच्या तोंडात नाणं सापडतं तो कर मंदिराचा आहे, निर्गम ३० मधला, वीस वर्षांवरच्या पुरुषांचा. रोमशी त्याचा संबंध नाही. हा संबंध आला इ.स. ७० नंतर. मंदिर पडल्यावर रोमन सम्राट वेस्पासियनने तोच दोन द्राख्मांचा कर रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला. इजिप्तमधल्या एद्फू इथे खापरांवर लिहिलेल्या पावत्या सापडल्या आहेत. त्यांत बायकांकडून आणि लहान मुलांकडूनही तो वसूल झालेला दिसतो. आतापर्यंत वेगळे ठेवलेले दोन प्रश्न इथे रोमनेच एकत्र बांधले. कर भरायचा, आणि तो परक्या देवाच्या नावाने. मत्तयाचं शुभवर्तमान इ.स. ७० नंतर लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा त्याच्या पहिल्या यहुदी वाचकांना पेत्राची गोष्ट ऐकताना हा नवा कर आठवला असणार. वर्गात हे जरूर बोला, फक्त कफर्णहूमात पेत्राला विचारलेला कर कोणता होता ते आधी सांगून.