पूर ओसरल्यावर गाव कुठं चुकतं: या चुका टाळा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, सिंदफणा, मांजरा या नद्या पात्र सोडून शिवारात घुसल्या तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही काही जण वही घेऊन गावाच्या शिवारात फिरलो. पीक गेल्याचं दुःख होतंच, पण हक्काची मदतसुद्धा साध्या साध्या चुकांपायी हातची जाताना पाहून जीव तुटला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पंचनामा हे तलाठ्याचं काम समजून घरी बसणं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्यावर एकाच वेळी कितीतरी गावांचा भार असतो. बांधावर शेतकरीच नसेल तर 'पीक नुकसान' एवढीच नोंद होते. नदीकाठच्या एका मावशींचं असंच झालं. त्यांच्या वावरात वीतभर काळी माती वाहून गेली होती, खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता. त्या म्हणत होत्या, "बाबा, सोयाबीन गेलं." जमीनच गेली, हे कागदावर वेगळं लिहून घ्यावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारी आपत्ती निधीच्या २०२५ च्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तर खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये होते. गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० वेगळे. आम्ही फोटो जोडून फेरपंचनाम्याचा अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊच नका.

"आपल्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झालाच नाही, आता काय मिळणार?" असं म्हणून काही जण अर्जच करत नाहीत. ही अट अतिवृष्टीची. वरच्या भागातल्या पावसानं किंवा धरणाच्या विसर्गानं पाणी शेतात आलं असेल तर पूर म्हणून नोंद करायला सांगा. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

जनावर दगावलं की वास सुटायच्या आत पुरायची घाई होते. ती समजते, पण आधी पशुवैद्यकीय डॉक्टर आणि तलाठ्याला कळवा, कानातल्या बिल्ल्यासह फोटो काढा. २०२५ च्या निकषात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मदत होती. पुरावा नसेल तर यातलं काहीच मिळत नाही.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरची पिकाची नोंद, हंगामात मुदतीतच करा. वारसनोंद राहिलेली, बँक खातं आधारशी न जोडलेलं: ही कामं उन्हाळ्यातच उरका. जमिनीचं सामायिक खातं असेल तर भावाभावांचं संमतीपत्रही तेव्हाच करून ठेवा.

आता ग्रामसभेचं. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी तेवढे आले की गणपूर्ती होते. तरीही आपल्याकडं सभा कित्येकदा फक्त रजिस्टरवर होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. मग पाणंद रस्त्यावरची मोरी, शाळेचं गळकं छत, टंचाई आराखड्यातली विहीर मागायची कुणी आणि कुठं? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तोच मराठवाडा आता पुरात बुडतो. दुष्काळाची आणि पुराची तयारी ग्रामसभेत एकत्रच मांडा. महिला सभा आधी घ्या. पाणी कोणत्या बोळातून पहिल्यांदा घरात शिरतं, हे बायका नेमकं सांगतात.

विसर्गाचा इशारा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला म्हणजे गावाला कळलं, हीही चूकच. पुराच्या रात्री वीज नसते, मोबाईल बंद पडलेले असतात. मंदिराचा भोंगा बॅटरीवर चालतो का ते आधीच तपासा, वस्तीवर दवंडी द्यायला माणूस ठरवा, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक पंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

यंदा मृगाआधी आम्ही त्याच वहीत नवं पान काढलं: पाणी आलं तर कुणाला उचलून आणावं लागेल. पहिलं नाव दोन्ही गुडघे गेलेल्या एका आजींचं आहे. त्यांच्यापुढं गल्लीतल्या दोन पोरांची नावं लिहिलीत, आणि ती वाचून दाखवली तेव्हा दोघंही सभेत उभे राहिले.