अँटिव्हायरसने धोका दाखवल्यावर काय करावे

अँटिव्हायरसची सूचना पडद्यावर आली की काही जण घाबरून संगणकच बंद करतात, तर काही जण हातातले काम अडू नये म्हणून ती न वाचताच मिटवून टाकतात. दोन्ही प्रकारांत कोणती फाइल सापडली, ती कुठे होती आणि सापडण्यापूर्वी ती चालू झाली होती का, ही माहिती हातची जाते. पुढे काय करायचे ते प्रामुख्याने यांतील तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. डाउनलोड झालेली पण कोणी न उघडलेली घातक फाइल अँटिव्हायरसने अडवली असेल, तर ती हटवून आपल्या कामाला लागता येते. तीच फाइल एकदा चालून गेली असेल, तर ती हटवल्यानंतरही बरेच काम शिल्लक राहते.

त्याआधी सूचना खरी आहे की नाही, हे पाहावे. वेबसाइट पाहताना अचानक संपूर्ण पडदा व्यापणारा लाल इशारा, मोठा भोंगा आणि ‘या क्रमांकावर त्वरित फोन करा’ असा मजकूर दिसला, तर ते ब्राउझरमधले एक पान आहे, अँटिव्हायरस नव्हे. खरा अँटिव्हायरस धोका सापडल्यावर फोन करायला सांगत नाही, की गिफ्ट कार्डने पैसे मागत नाही. अशा वेळी त्या पानावरील कोणत्याही बटणाला, अगदी ‘बंद करा’ लिहिलेल्या बटणालाही, हात लावू नये. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व तिथून ब्राउझर बंद करावा. पुन्हा सुरू करताना ‘आधीची पाने उघडू का’ असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा. कोपऱ्यात वरचेवर ‘व्हायरस सापडला’ अशा चौकटी येत असतील, तर बहुधा कधीतरी एखाद्या वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती काढून टाकली की त्रास संपतो.

सूचना खरी असल्यास ती नीट वाचावी आणि मोबाइलने तिचा फोटो घ्यावा. विंडोजमध्ये मुळातच असलेला ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस वापरत असाल, तर विंडोज सिक्युरिटीतील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त हा तपशील मिळतो, मात्र तो तिथे साधारण दोन आठवडेच राहतो. धोक्याचे नाव विचित्र वाटले, तरी त्याची रचना समजण्यासारखी असते. ‘ट्रोजन:विन३२/वाकाटॅक’ या नावात पहिला शब्द धोक्याचा प्रकार सांगतो, दुसरा कोणत्या प्रणालीवर तो चालतो ते आणि तिसरा त्याचे कुळ. शेवटी ‘एमएल’ ही अक्षरे असतील, तर ओळखीच्या नमुन्याशी तंतोतंत जुळणीऐवजी मशीन लर्निंगच्या अंदाजावरून फाइल पकडलेली असते, त्यामुळे चुकीला थोडा अधिक वाव असतो. नावाच्या आरंभी ‘पीयूए’ असल्यास तो बहुधा दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर शिरलेला जाहिरातींचा उपद्रव असतो आणि तो काढून टाकणे पुरेसे होते.

त्यानंतर ‘क्वारंटाइन’ किंवा ‘रिमूव्ह’ निवडावे. मी क्वारंटाइनला पसंती देतो, कारण त्यात फाइल निकामी करून बाजूला ठेवली जाते आणि अँटिव्हायरसचा अंदाज चुकला असल्यास ती परत आणता येते. असे अंदाज चुकतातही: २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अद्ययावतीकरणाने विंडोज एक्सपीमधील प्रणालीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर असंख्य संगणक बंद पडले. तरीही पकडलेली फाइल चालू देणारे ‘अलाउ’ हे बटण सहज दाबण्याचे नव्हे. म्हापसा, डिचोली किंवा फोंड्याच्या डीटीपीच्या दुकानांत, जिथे जत्रेची आणि लग्नाची पत्रे मराठीत जुळवली जातात, तिथे हा मोह विशेष होतो. कारण जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे किंवा ऑफिसचे ‘क्रॅक’, म्हणजे ते परवान्याशिवाय चालवण्याची साधने, अँटिव्हायरस पकडतो आणि क्रॅक देणारा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे बजावून सांगतो. त्या क्रॅकसोबत आणखी काय आले आहे हे तो मात्र सांगत नाही. अशा साधनांना अँटिव्हायरस देतो ते ‘हॅकटूल’ असे नाव दिसले म्हणजे अँटिव्हायरस उगीच ओरडतो आहे, असे समजू नये.

फाइलविषयी खरोखर शंका असल्यास ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर ती अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून घेता येते. परंतु तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना उपलब्ध होते. म्हणून देवस्थानाचे हिशेब, सोसायटीच्या सभासदांची यादी किंवा कोणाचे आधार कार्ड तिथे कदापि चढवू नये.

आता अवघड भागाकडे वळू. फाइल तुम्ही उघडली होती असे आठवत असेल, सूचनेत धोका ‘ॲक्टिव्ह’ दाखवला असेल, किंवा हटवलेला धोका पुन्हापुन्हा परत येत असेल, तर प्रथम वायफाय बंद करावे किंवा नेटवर्कची केबल काढावी. संगणकाला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्कही सोडवून ठेवावी. त्यानंतर क्विक स्कॅनवर समाधान न मानता संपूर्ण स्कॅन करावा आणि मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा. त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे चालत्या विंडोजमध्ये लपून राहणारा घातक कार्यक्रमही (प्रोग्रॅमही) सापडू शकतो. त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. संपूर्ण स्कॅनला मात्र काही तास लागू शकतात, म्हणून मे अखेरच्या गडगडाटात, वीज येत-जात असताना, तो यूपीएसशिवाय सुरू करू नये. घाबरून दुसरा अँटिव्हायरस शेजारी बसवणेही टाळावे, कारण दोघे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

स्कॅन स्वच्छ आला म्हणजे प्रकरण संपले, असे मानणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. आजच्या अनेक घातक कार्यक्रमांना संगणक बिघडवायचा नसतोच. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (आपण आधीच लॉगिन केले आहे हे वेबसाइटला सांगणाऱ्या खुणा) उचलून ते थोड्याच वेळात आपले काम आटोपतात. मोरजी-मांद्र्याकडे खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांच्या संगणकात पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती, परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद करण्याचे लॉगिन आणि बुकिंगच्या संकेतस्थळाचे खाते अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतात. अलीकडे हॉटेलवाल्यांना ‘पाहुण्याने तक्रार केली आहे’ असा ईमेल येतो. त्यातील दुवा उघडल्यावर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे पान दिसते आणि ते विंडोज व आर या कळा दाबून, नंतर कंट्रोल व व्ही दाबून, एंटर करायला सांगते. तसे केल्यास त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेला घातक आदेश आपणच आपल्या हाताने चालवलेला असतो. कोणतीही प्रामाणिक वेबसाइट असे करायला सांगत नाही.

असे काही घडले असल्यास पासवर्ड बदलावेत, पण त्याच संगणकावरून नव्हे. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदलावेत. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर खात्यांचे पासवर्ड त्याच्याच आधारे बदलता येतात. मग बँक आणि त्यानंतर बाकीची खाती घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय वापरावा, कारण चोरलेली कुकी पासवर्ड बदलल्यावरही कधीकधी चालू राहते. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवरील कोडसारखी दुसरी खात्री) नसेल, तर याच वेळी सुरू करावी. खात्यातून पैसे गेले असल्यास बँकेला कळवून लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी ते गोठवण्याची शक्यता तेवढ्याच काळात असते. गोव्यात रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते, आणि तेव्हा सुरुवातीला घेतलेला सूचनेचा फोटो उपयोगी पडतो.

झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले, तर त्यांवर क्लिक करू नये. मूळ फाइली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि प्रणालीच्या संरक्षित फाइली दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर त्या दिसतात. त्यांतील फक्त आपले दस्तऐवज व छायाचित्रे काढून घ्यावीत आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा.

फाइलींची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील, तर तो बहुधा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर) आहे. त्या क्षणी नेटवर्क तोडावे आणि बदल थांबत नसतील, तर संगणक सरळ बंद करावा. खंडणी देऊ नये, कारण पैसे देऊनही फाइली परत मिळतीलच याची खात्री नसते. युरोपोल ही युरोपीय पोलीस संस्था व डच पोलीस यांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही जातींच्या व्हायरससाठी फाइली उलगडण्याची साधने विनामूल्य मिळतात.

ऑफलाइन स्कॅननंतरही धोका परतत असेल, तर आणखी साफसफाईत वेळ न घालवता विंडोज नव्याने बसवावी. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्ययावतीकरणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्यामुळे, संगणकाला झेपत असेल तर याच वेळी ११ वर जावे. पुसण्यापूर्वी केवळ दस्तऐवज आणि छायाचित्रे बाहेर काढावीत, कार्यक्रमांच्या फाइली घेऊ नयेत. आणि टॅली किंवा मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर विकत घेतलेले असेल, तर त्यांच्या परवान्याचे क्रमांक कागदावर उतरवून ठेवावेत.