प्रोटिस्टा शिकताना या चुका टाळा

पावसाळा लागला की दादरच्या माझ्या शिकवणीत दोन गोष्टी ठरलेल्या. निम्मी मुलं तापाने घरी, आणि जी येतात त्यांच्यापैकी कुणीतरी वहीत लिहितं, 'मलेरियाचा विषाणू'. अरे, विषाणू डेंग्यूचा! डासच चावतो म्हणून दोन्ही एका माळेत ओवायचे नाहीत. मलेरिया होतो प्लास्मोडिअममुळे. त्याच्या पेशीत नीट केंद्रक असतं, म्हणजे तो दृश्यकेंद्रकी, प्रोटिस्टा या बहुतेक एकपेशी जीवांच्या गटातला. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात सापडला तो हाच.

याहून खोलवर मुरलेली चूक म्हणजे प्रोटिस्टा हे एक घराणं समजणं. हा शब्द जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये आणला, अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिटेकरने १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टींत त्याला जागा दिली. पण ती जागा म्हणजे चाळीतल्या खोलीचा पोटमाळा. प्राणी नाही, वनस्पती नाही, कवक नाही, पण केंद्रक आहे? टाक वर. माळ्यावरच्या पाटा-वरवंट्याचं आणि जुन्या गादीचं जेवढं नातं, तेवढंच यातल्या कित्येकांचं.

एकपेशी युग्लीना घ्या. हिरवी दिसते म्हणून मुलं तिला 'छोटी वनस्पती' करून टाकतात. तिला पेशीभित्तिका नसते, आणि तिचं हरितलवक तिच्या पूर्वजांनी गिळलेल्या हिरव्या शैवालाकडून आलेलं आहे. तिचे खरे नातलग कोण? काळा आजार घडवणारा लेश्मानिया! दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. मध्यंतरी जुहूच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या, लोक मोबाइल घेऊन धावले. ती करामत नॉक्टिल्युका या समुद्रातल्या एकपेशी जीवाची. नॉक्टिल्युका, प्लास्मोडिअम आणि तळ्यातलं एकपेशी पॅरामेशिअम ही चुलत भावंडं, कारण तिघांच्या गटाची खूण एकच: पेशीपटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर. चमकणारी लाट आणि हुडहुडी भरवणारा ताप एकाच गोत्राचे, हे मला अजूनही अजब वाटतं. पेपरात मात्र पाच सृष्टींचंच उत्तर लिहा. परीक्षकाशी वाद घालून गुण वाढत नाहीत.

नीलहरित शैवाल नावापुरतं शैवाल. ते जीवाणू, मोनेरा या केंद्रक नसलेल्यांच्या सृष्टीत. पुढे.

बुरशीसारखं दिसतं ते कवकच, असं धरू नका. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला भुरी आणि केवडा हे वेगळे रोग आहेत हे पक्कं ठाऊक असतं, कारण औषधं वेगळी लागतात. भुरी खरं कवक. केवडा करणाऱ्या जीवाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, ती कवकांसारखी कायटिनची नव्हे. तो नात्याने समुद्रातल्या तपकिरी शैवालाच्या जवळचा.

आता सूक्ष्मदर्शक. 'सर, काहीच दिसत नाही' ही तक्रार बहुतेकदा बाटलीपासून सुरू होते. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यात काय जगणार? तलावाचं पाणी आणा (पवईला गेलात तर काठावरूनच, तिथे मगरी आहेत), वाळक्या गवताच्या चार काड्या टाका, झाकण सैल ठेवा आणि चार-पाच दिवस थांबा. पॅरामेशिअम वरच्या थरात सापडतं, अमीबा तळाच्या गाळात. ड्रॉपर कुठे बुडवता यावर सगळं आहे.

सुरुवात कमी शक्तीच्या भिंगाने करा. प्रकाश भसाभस सोडलात तर पारदर्शक जीव पुसला जातो, प्रकाशाचं भोक, म्हणजे डायफ्रॅम, बारीक करा. पॅरामेशिअम चौकटीतून पळत असेल तर थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू पसरा, त्यांच्या जाळ्यात ते घुटमळतं. रंगवायचं आयोडीन नंतर, कारण ते घातलं की जीव मरतो. अमीबा धक्क्याने आक्रसून गोळा होतो. स्लाइडला हात न लावता दहा मिनिटं बसा, मग एका बाजूने पाण्यात दूध पसरावं तसा छद्मपाद, म्हणजे तात्पुरता पाय, हळूच बाहेर येतो आणि आतले कण त्याच्यात वाहत जातात.

आणि काठ जाड, काळा, अगदी गोल असेल तर घाई करू नका. गेल्या वर्षी एका मुलाने तासभर खपून अमीबाची सुरेख आकृती काढली, केंद्रक दाखवलं, जादा पाणी बाहेर टाकणारी संकोचशील रिक्तिकासुद्धा दाखवली. मी भिंगातून पाहिलं. हवेचा बुडबुडा होता.