आमवातात झिंक-कॉपरचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

झिंक कमी, लोह कमी, कॉपर म्हणजे तांबं जास्त. आमवातात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, असा रिपोर्ट आला की लोक लगेच झिंक आणि लोहाच्या गोळ्या सुरू करतात. पहिली चूक हीच.

सांध्यांची सूज भडकली की इंटरल्यूकिन-6 या सूज वाढवणाऱ्या प्रथिनामुळे यकृत रक्तातलं झिंक ओढून घेतं. रक्तातला आकडा घसरतो, पण त्यावरून शरीरातलं झिंक संपलं असं म्हणता येत नाही. कॉपरचं नेमकं उलट. रक्तातलं बहुतेक कॉपर सेरुलोप्लाझमिन या प्रथिनात असतं आणि सुजेत यकृत तेच जास्त बनवतं. म्हणून त्याच वेळी सीआरपी, म्हणजे रक्तातून सूज दाखवणारी चाचणी, तपासून घ्या. तो चढलेला असेल तर झिंक-कॉपरच्या आकड्यांवरून घाईने काही ठरवू नका.

लोहाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. सुजेमुळे हेप्सिडिन हे लोहावर ताबा ठेवणारं हार्मोन वाढतं आणि लोह साठ्यातच अडकून राहतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही सुजेने फुगतं, त्यामुळे ते नॉर्मल आलं तरी खरी कमतरता झाकलेली असू शकते. वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटात रक्तस्राव होत असेल, तर लोहाच्या खऱ्या कमतरतेचा विचार आधी करायला हवा.

नमुन्याकडेही लक्ष द्या. रक्तपेशी फुटल्या किंवा ट्यूब अशा तपासणीसाठीची खास नसून साधी असली तर झिंक खोटं जास्त दिसतं.

सगळ्यात घातक सवय म्हणजे महिनोन् महिने झिंकचा मोठा डोस. त्याने कॉपरचं शोषण अडतं. पांढऱ्या पेशी घटतात, रक्त कमी होतं, हातपाय बधिर होतात. अशा रुग्णाला मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं मूळ औषध चालू असेल तर दोष त्या औषधावर जातो आणि झिंककडे कुणी बघतही नाही! सेलेनियमचा अतिरेक झाला तर केस गळतात, नखं तुटतात.

‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलाय, अँटिऑक्सिडंट घेतो’ म्हणत मेथोट्रेक्सेट बंद करणं तर अजिबात नको. एसओडी या अँटिऑक्सिडंट एन्झाइमला कॉपर-झिंक लागतं, तशाच ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं, हे खरं. पण सांध्यात हा स्ट्रेस वाढवणारे, पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स ओकतात त्या चिडलेल्या रोगप्रतिकारक पेशी, आणि त्यांना आवरायचं काम मूळ औषधाचं आहे. तांब्याच्या कड्याची आशाही धरू नका. ब्रिटनमध्ये 70 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. सिगारेट सोडलीत तर मात्र खरंच फरक पडेल.

पुढच्या भेटीला मल्टिव्हिटॅमिनसकट सगळ्या बाटल्या डॉक्टरांसमोर ठेवा. झिंक दोन-तीन बाटल्यांत एकदमही निघू शकतं.