वंशावळीत नसलेली आत्या कशी लिहावी

आमच्या चुलतभावाच्या बैठकीच्या खोलीत वंशावळ लावलेली आहे, लॅमिनेशन करून. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा त्याने तालुक्याला खेपा घालून ती जमवली. सात पिढ्या, एकेचाळीस पुरुष, बाई एकही नाही. दाखल्याला बाप, आजा, पणजा एवढंच लागतं, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण माझी आत्या त्यात नाही. ती सासरच्या वंशावळीतही नाही, कारण तिला मूलबाळ झालं नाही आणि तिच्या नवऱ्याच्या नावाखाली रेघच थांबते.

तिचं आयुष्य मी एका दोनशे पानी वहीत लिहून काढलं. कसं, ते सांगते. अशी एखादी आत्या, मावशी, चुलती तुमच्याही घरात असणारच.

आधी काय करू नये ते. "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. "काय सांगायचं बाय, खाल्लं, राबलं, झोपलं," असं म्हणून ती शेंगा फोडायला बसली. तिला बोलतं केलं ते भांड्यांनी.

आमचं गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमचं मातीचं घर बसलं. कागद, पत्रं, फोटो सगळं चिखलात गेलं. ढिगाऱ्यातून निघाली ती पितळी भांडी, पोचे पडलेली. आणि आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत! कोणी, कोणाला, कशाबद्दल, कधी दिलं ते भांड्याच्या काठावर लिहिलेलं असतं. एवढा मोठा दप्तरखाना माळ्यावर पडलेला असताना आम्ही तो दिवाळीला चिंचेनं घासून परत वर टाकत होतो.

तर माळ्यावरची सगळी भांडी खाली काढा. जुनी अक्षरं छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली असतात, वापरून वापरून बुजतात. त्यांत बारीक रांगोळी चोळायची आणि कोरड्या फडक्यानं वरवर पुसायचं. अक्षरं पांढरी उठून दिसतात. बॅटरी समोरून न मारता बाजूनं धरायची आणि मग फोटो काढायचा. मोडीत देण्याचा विचार असेल तर आधी हे करा, मग काय ते द्या. स्टीलच्या हौसेपायी आत्यानं निम्मी भांडी मोड म्हणून दिली होती. कोणत्या भांड्याचं वजन किती भरलं ते तिला पाठ, वर काय लिहिलं होतं ते मात्र आठवेना.

नावाआधीची अक्षरं नीट वाचा. 'चि. सौ. कां.' असेल तर भांडं लग्नातलं. 'सौ.' म्हणजे लग्नानंतरचं, नवरा हयात असतानाचं. 'ग. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, आलं की तो गेल्यानंतरचं. एकाच बाईची तीन भांडी ओळीनं मांडली की आयुष्याचे तीन तुकडे समोर येतात. आत्याच्या जावेनं दिलेल्या एका डब्यावर 'ग. भा.' होतं. त्या डब्यात तिनं कधी काही ठेवलं नाही. मी कारण विचारलं नाही, वहीत तेवढं लिहिलं.

तारखेच्या जागी कधी शक असतो. तिच्या लग्नातल्या हंड्यावर 'वैशाख शके १८७९' आहे. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९५७. मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवा. हे पडताळूनही बघता येतं. आत्या म्हणायची, "आणं जाऊन नवं पैसं आलं, तवा माजं लगीन." नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. हंडा आणि आत्या दोघं खरं बोलत होते.

वयाचं असंच. आधार कार्डावर १ जून असेल तर त्यावर विसंबू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला लावून दिलेला आहे. आत्या तर शाळेतही गेली नव्हती, तिचं वय रेशनकार्डावर कोणीतरी अंदाजानं टाकलेलं. "कोणत्या साली?" हा प्रश्न कामाचा नाही. "तेव्हा काय चाललं होतं?" असं विचारा. सातारकडच्या माणसाला पत्री सरकार, गांधीहत्येनंतरची जाळपोळ, कोयनेच्या धरणाचं काम, भूकंप, बहात्तरचा दुष्काळ या खुणा पुरतात. त्याहून मागे जायचं तर १९१८ ची मानमोडी. गांधींना मारलं त्या साली माझे वडील जन्मले आणि आत्या त्यांना कडेवर घेऊन धुण्याला जायची. कडेवर पोर पेलायचं तर सात-आठ वर्षांची असणार. म्हणजे जन्म १९४० च्या आगेमागे.

बोलणं टिपायचं ते दुपारची जेवणं उरकल्यावर, अर्धा तास, दोघींनीच. तिसरं माणूस खोलीत असलं की "तसं नव्हतं गं ते" सुरू होतं आणि म्हातारं माणूस मिटतं. फोन पालथा ठेवून रेकॉर्डिंग करा, पण त्याच रात्री हातानं उतरवून काढा. माझा फोन दुरुस्तीला गेला तो कोरा होऊन परत आला. कुकरच्या शिट्ट्यांसकट पाच दुपारी गेल्या. लिहिताना तिची भाषा सुधारू नका. 'व्हतं' ते 'व्हतं'च राहू द्या. डाव्या पानावर ती बोलली ते, उजव्या पानावर भांडी आणि कागद सांगतात ते. दोन्ही जुळलं नाही तरी खोडाखोड करायची नाही.

नवऱ्याचं नाव ती घेईना. "आमचं ह्ये," एवढंच. मी म्हटलं, मग उखाणा घे. चटकन घेतला आणि पदर तोंडाला लावला. वय तेव्हा ब्याऐंशीच्या आसपास.

आता कळशीचं सांगते. भांड्यांत एक तांब्याची कळशी निघाली, वर भलत्याच बाईचं नाव, पण नवऱ्याचं नाव आणि आडनाव आत्याच्या सासरचंच. ते नाव मी इथे लिहीत नाही, वहीत आहे. आत्यानं कळशी मांडीवर घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"पैली," ती म्हणाली. "बाळंतपणात गेली. म्या न्हाई तिला बघितलं. पर तिच्याच कळशीनं पानी भरलं की जलमभर."

साठ वर्षांत आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं की आत्या बिजवराला दिलेली होती.

भांडी संपली की मग कागद. सातबाऱ्यापेक्षा जुने फेरफार काढा, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, गाव नमुना ६. महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर बरेच स्कॅन केलेले आहेत, बाकीचे तहसीलच्या अभिलेख कक्षात. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, गाव नमुना १४. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा जाणकार गाठावा लागतो. आत्याच्या नोंदीत बापाचं नाव आणि 'मुलगी' एवढंच आहे.

बाईचं नाव हमखास सापडतं ते फेरफारात, आणि तेही नेमकं ती जमिनीवरून जाते तेव्हा. बाप वारला की वारसांत मुलींची नावं लागतात, पुढच्याच फेरफारात 'बहिणींनी हक्क सोडला' म्हणून कमी होतात. आजोबांच्या मागे तसंच झालं. १९७४ चा फेरफार, तीन बहिणी, आत्यापुढे 'डावा अंगठा'. तो कागद हातात आला त्या दिवशी मी घरी येऊन परात उलटी केली. आत्यानं ती माझ्या लग्नात मला दिली होती, रोज तिच्यातच कणीक मळते. काठावर आहे: 'सौ. ताईस भावाकडून सप्रेम', खाली १९७४, महिनाही तोच. माझ्या वडिलांनी तिन्ही बहिणींना एकेक परात आणि लुगडं दिलं होतं. जमीन सव्वादोन एकर. वडिलांना विचारायला वडील राहिले नाहीत. उजव्या पानावर मी दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि पुढे काही लिहिलं नाही.

वंशावळीचा तक्ता करायचा झाला तर प्रत्येक बाईपुढे चार गोष्टी टाका: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आणि सोयरीक कोणी जमवली. शेवटची गोष्ट लोक वगळतात. पण पुढचं गाव कोणत्या वाटेनं शोधायचं ते तीच सांगते. आमच्याकडच्या पाच सोयरिकी मुंबईत मशीद बंदरला हमाली करणाऱ्या एकाच माणसाच्या ओळखीवर झाल्या आहेत.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर इथल्या उपाध्यांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याच्या नावांच्या वह्या निघतात. तिथे नावं शोधायला जातात सगळे, पण आपण गेलो की नवी नावं लिहूनही यायची. आत्या २०२४ मध्ये गेली. तिच्या सासरची वही नाशिकला, म्हणून अस्थी तिकडे नेल्या. उपाध्यांनी तिच्या नवऱ्याचं पान काढलं, आत्याचं नाव घातलं आणि मला विचारलं, तुमचं नातं काय? भाची, म्हटलं. मग कळशीवरचं नाव सांगितलं.

"ह्या कोण तुमच्या?"

मला शब्द सुचेना. तेच म्हणाले, "बरं, प्रथम पत्नी लिहितो," आणि आत्याच्या वर जागा नव्हती म्हणून समासात लिहिलं.

कळशी आता माझ्याकडे आहे. तिला कल्हई लागत नाही, पाण्याची आहे. पाणी भरते.